खण क्रमांक सात: डोळे, डावे

आईने सुई ठेवून दिली. कायमची. वीस-बावीस वर्षं लोकांच्या फाटक्या खेळण्यांना टाके घालणारी माझी आई आता दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलते, आणि मटार नसले की नुसतीच बसते. याला कारण मी, बाबा आणि पंचवीस खणांचं एक कपाट.

तर असं काही झालेलंच नाही. आमच्या घरात आम्ही तिघंही असंच धरून चालतो, तेव्हा तुम्हीही धरा. आई अजून काम करते, बाबा अजून चहाची वाट बघताना शीळ घालतात, आणि परदेशी गेलेल्या दादाच्या खोलीत अजून फक्त एक व्यायामाची सायकल आहे, जिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. तिथून सुरू करू.

जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा आईचा. कागदोपत्री नाही, पण त्या कोपऱ्यावर ताट ठेवलं तर घासात टाचणी येते, हे आम्ही लहानपणीच शिकलो होतो. तिथे बसून ती कापडी खेळणी दुरुस्त करायची. नवी करायची नाही. "नवं कुणीही करेल," म्हणायची. लोंबत्या कानांचे ससे, पोटातून कापूस आलेली अस्वलं, कुत्र्याने चावलेली कुत्री असं सगळं यायचं. दोन बस बदलून लोक यायचे आणि दारात उभं राहून, दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं, पिशवीतून एखादं बिनशेपटीचं माकड काढायचे.

खेळणं आलं की आई त्याचं गाठोडं बांधायची. जुन्या अभ्र्याचा चौकोनी तुकडा. त्यात ते खेळणं, त्याचा निखळलेला डोळा, त्याच्याच पोटातला कापूस, रंगाला जुळणारी कुठूनतरी हुडकून काढलेली चिंधी आणि त्या कामापुरती ओवून ठेवलेली सुई. वर गाठ. चिठ्ठी नाही, नंबर नाही. कुठलं गाठोडं कुणाचं हे तिला गाठीवरून कळायचं.

"हे कसं ओळखलंस?" मी एकदा विचारलं होतं.

"बाई घाईत होती. मग माझी गाठपण घाईत बसली. बघ की, दिसतंय."

मला अभ्रा दिसत होता.

गाठोडी सोफ्यामागे, फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर, बाबांच्या खुर्चीखाली. पाहुणा सोफ्यावर टेकला की हमखास दचकायचा, "हे काय टोचतंय?" बाबा पेपरातून मान वर न काढता सांगायचे, "पेशंट आहे. जरा सरकून बसा."

बाबा बस डेपोत भांडारपाल होते, एकतीस वर्षं. बस निकामी झाली की तिच्यातलं जे जे चालण्यासारखं असेल ते काढायचं, पुसायचं, तेल लावायचं आणि आपापल्या खणात ठेवायचं. कुणी मागणीपत्र भरून आणलं की खणातून काढून द्यायचं. मागणीपत्राशिवाय बाबांनी डेपो मॅनेजरलाही नट दिला नाही. निरोपाच्या भाषणात मॅनेजरनी ही गोष्ट सांगितली. ती तक्रार होती हे बाबांना अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. साखर चौथ्या दिवशी सापडली. आईने त्यांना ओट्यापासून पाच पावलांवर उभं राहायचा दंडक घालून दिला, आणि बाबा रिकामे झाले. रिकामा भांडारपाल तुम्ही पाहिलाय का? तो घरभर फिरून ड्रॉवर उघडतो, आत बघतो आणि बंद करतो. काही शोधत नसतो. नुसता भेटून येतो.

आणि मी. मी स्वस्त फर्निचरच्या एका अवाढव्य दुकानात 'गृहरचना सल्लागार' आहे. लोक मला विचारतात संडास कुठे आहे, आणि मी त्यांना सल्ला देते. त्या महिन्यात दुकानाने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी एक स्पर्धा काढली होती: आपल्या घरातली एक खोली, 'आधी' आणि 'नंतर'. ज्याचा फोटो निवडला जाईल त्याचा फोटो प्रवेशद्वारावर लागणार, आणि त्याला वरच्या मजल्यावर आराखडा विभागात बसायला मिळणार. वरच्या मजल्यावर संडास नाही.

तेवढ्यात मावशीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि आई दहा दिवसांसाठी तिच्याकडे जायला निघाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दातांचे डॉक्टर आले. हे आमच्याच रस्त्यावरचे, पन्नाशीचे, हात फावड्याएवढे. ते तोंडात कसे घालतात हे आम्हाला कोडं होतं. आई त्यांना डॉक्टर म्हणायची आणि तेही आईला डॉक्टर म्हणायचे.

"या डॉक्टर. कवळी की कुणी जिवंत?"

"काय डॉक्टर, थट्टा करता." त्यांनी अवजारांची बॅग उघडली आणि चिमट्यांच्या खालून एक गाढव काढलं. करडं, चपटं, पोटाला उसवलेलं. एक डोळा गेलेला, दुसरा दोऱ्यावर लटकत होता. गेलेला डोळा डॉक्टरांनी औषधाच्या पुडीत बांधून आणला होता.

"कुणाचं?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हार मानली. "माझंच. आईने केलेलं. वडिलांची पँट आहे ही. आणि डोळे… हा लटकतोय तो तिच्या कोटाचं बटण, पुडीतला वडिलांच्या कोटाचा. दोघं एकाच वर्षी गेले. अवघड अक्कलदाढ असली ना, की सकाळी याच्याकडे बघून जातो. बाकी काही नाही."

"बघून काय होतं?"

"तेही बघतं."

आईने मान डोलावली, जणू हे शास्त्रातच लिहिलेलं आहे. तिने दोन्ही बटणं उजेडात धरली. दोन्ही तपकिरी, चार भोकांची. मला एकसारखीच वाटली. "पुडी माझ्याकडे राहू दे. आल्यावर पहिलं हेच." आणि गाठोडं बांधून फ्रिजवर ठेवलं.

सकाळी बॅग उचलताना ती बाबांना म्हणाली, "अहो, माझी गाठोडी सांभाळा."

"अगं, सांभाळणं हाच माझा जन्माचा धंदा," बाबा म्हणाले.

ते खरंच होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तिची बस वळली आणि मी बाबांना दादाच्या रिकाम्या खोलीत नेलं. "बाबा, आईला हातकामाची खोली करून देऊ या. ती येईपर्यंत. एका भिंतीला खणांचं कपाट, दुसऱ्या भिंतीला भोकांची फळी, तिच्यावर कात्र्या टांगायच्या. चाकांचे ड्रॉवर. घडीचं टेबल. सगळं सुट्ट्या भागांत येतं, आपण जोडायचं."

बाबांनी खिडकीपासून दारापर्यंत पावलं टाकली. "खण किती?"

"पाच गुणिले पाच."

एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडावर मी तसं काही पाहिलं नव्हतं. "खणांना नंबर घालता येतील?" त्यांनी हळूच विचारलं.

चपटी खोकी आली. दुकानाच्या माहितीपत्रकात एकही शब्द नसतो, नुसती चित्रं. पहिल्या चित्रात एक माणूस एकटा कपाट जोडतोय आणि दुःखी आहे, त्याच्यावर फुली. दुसऱ्या चित्रात त्याला एक जोडीदार मिळतो आणि दोघं हसतात. बाबा ते पोथीसारखं दोन्ही हातांत धरून वाचत होते.

"हा दुसरा कुठून आला?"

"मदतनीस, बाबा."

"खोक्यात होता?"

"नाही. तो तुम्ही आणायचा असतो."

"म्हणजे तू." त्यांनी पान उलटलं. "छान काढलंय. एक शब्द नाही, म्हणजे वाद नाही."

तीन दिवस आम्ही भुशाच्या फळ्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि एल आकाराच्या चावीने स्क्रू पिळले. खरं सांगायचं तर ते तीन दिवस बरे गेले. बाबा मला सारखे "शाब्बास, फिटर" म्हणत होते. कपाट उभं राहिलं आणि एक स्क्रू उरला. दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, एखादा जास्तीचा येतोच, द्या टाकून. बाबांनी अख्खं कपाट खोललं, प्रत्येक भोक तपासलं, परत जोडलं. स्क्रू उरलाच. तेव्हा कुठे त्यांनी तो खण पंचवीसमध्ये ठेवून बाहेर चिठ्ठी लावली: 'अतिरिक्त'.

मग आम्ही घरभरातली गाठोडी गोळा केली. तेवीस निघाली.

इथे मला जरा सावकाश सांगायचंय. खण पंचवीस होते आणि गाठोडी तेवीस. आम्ही एकेका खणात एकेक गाठोडं ठेवलं. सगळी बसली. दोन खण उरले, त्यातल्या एकात तो स्क्रू. बाबा मागे सरकून उभे राहिले आणि म्हणाले, "झालं की." झालंच होतं. त्या क्षणी मी हातातली चावी खाली ठेवून चहा टाकला असता, तर आज आईला मटार सोलायला वेळ नसता.

मी फोन काढून फोटो घेतला. फोटोत ते कपाट लाँड्रीसारखं दिसत होतं. पिवळट अभ्रे, वाकड्या गाठी, कुठून तरी एक सुई चमकतेय. असला फोटो प्रवेशद्वारावर कोण लावणार?

"बाबा, ही गाठोडी भिकार दिसतात. सोडू या ती."

बाबांनी जवळच्या एका गाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तिने बांधलंय गं. सांभाळा म्हणालीये."

आणि मी जे म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं, कारण मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मी म्हणाले, "डेपोत काय करायचात? आख्खी बस उचलून खणात ठेवायचात का?"

बाबांनी विचार केला. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

पहिली गाठ त्यांनी सोडली. दुसरी मी. दुपारपर्यंत अभ्रे धुवून दोरीवर, आणि जमिनीवर ढीग: कानांचा, शेपट्यांचा, पायांचा. जे भाग सैल होते ते बाबांनी छोट्या कात्रीने अलगद सुटे केले. निकामी गाडीवर सैल भाग ठेवायचा नसतो, तो हरवतो. लटकते डोळे काढले, कान-शेपट्या साबणाने धुवून वाळवल्या. बटणं साबणाच्या पाण्यात घालून फडक्याने चकचकीत केली, आईच्या डब्यातली सुटी बटणंही त्यांच्यातच. सगळ्यांच्या पोटातला कापूस पिंजून एका मोठ्या पारदर्शक डब्यात: 'कापूस, वापरलेला'.

"पाय पुढचे आणि मागचे वेगळे ठेवू," बाबा म्हणाले.

"बाहुलीचे पुढचे कुठले?"

बाबांनी बाहुली हातात घेऊन चारही बाजूंनी पाहिली. "ती 'इतर'मध्ये."

मला हसू आवरेना. मी म्हणाले, "मग डोळेपण डावे-उजवे करा की."

मी थट्टा केली होती. बाबांनी चष्मा पुसला, खिडकीत बसले आणि एकेक बटण बोटात फिरवून बघू लागले. "टायरसारखंच असतं," ते म्हणाले. "झीज बघायची. मूल एका कुशीवर झोपतं, तो डोळा जास्त घासतो." संध्याकाळी खण सातवर चिठ्ठी आली, 'डोळे, डावे', आणि आठवर 'डोळे, उजवे'. औषधाची एक रिकामी पुडी कचऱ्यात गेली. ती मीच टाकली.

फोटो मात्र सुरेख आला.

दहाव्या दिवशी आई आली. बाबांनी तिचे डोळे हाताने झाकून तिला खोलीपर्यंत नेलं, लग्नानंतर पहिल्यांदाच असावं. हात काढले.

पांढरं कपाट, पंचवीस खण, पारदर्शक डबे, छापील चिठ्ठ्या. भोकांच्या फळीवर चार कात्र्या, प्रत्येकीच्या मागे तिच्याच आकाराची पेन्सिलीची रेघ, म्हणजे कात्री नसली तर कुठली नाही ते कळावं. डावीकडून उजेड. बाबांनी टेबल मुद्दाम तसं लावलं होतं.

"छान आहे," आई म्हणाली. तिने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "अहो, खरंच छान आहे." तिला आवडलं होतं, ते मला दिसलं, आणि ते दिसलं हीच पुढे पंचाईत झाली. मग ती इकडेतिकडे बघायला लागली. "गाठोडी कुठे ठेवलीत?"

"आता गाठोडी नाहीत," बाबा म्हणाले. एखाद्याला आजार बरा झाल्याचं सांगावं तसे. "आता सगळं सापडतं."

आईने खण चार ओढला. कान. खण सात ओढला. डब्यात हात घातला आणि काढला नाही, तशीच उभी राहिली. डबा बटणांचा होता, पण ती तो पाण्याचा असल्यासारखी चाचपत होती.

"डॉक्टरांचं गाढव?" तिने विचारलं.

"धड, खण बारा. 'चतुष्पाद, करडे'." बाबा तत्पर. "डोळे सात किंवा आठ. तपकिरी एकूण एकसष्ट आहेत, बघ, एकही हरवलेला नाही."

"हो," आई म्हणाली. "एकही हरवलेला नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे ओरडायची पद्धत नाही. ती चहा करायला गेली.

पुढचे दोन आठवडे आईने त्या खोलीत काम केलं. मागणीपत्रांचं कोरं पुस्तक बाबांनी निवृत्त होताना आठवण म्हणून आणलं होतं. ते आता दाराच्या आतल्या खिळ्याला लटकत होतं.

"अहो, सुई कुठे?"

"अकरा. पण लिहून घे हं, नाहीतर घोळ होतो."

आईने पुस्तकातला एक कागद फाडला, त्याच्यावर सशाचा कान काढला आणि कापला. तिला नमुना हवा होता. संध्याकाळी बाबांनी उरलेला कागद नीट फाईलला लावला आणि शेरा मारला: 'मागणीचं स्वरूप अस्पष्ट. माल दिला.'

तिने सगळी खेळणी पुरी केली. कुठला कान कुठल्या सशाचा, हे तिला अर्ध्यांचं आठवलं, अर्ध्यांचं नाही. सुया सगळ्या ओवलेल्या होत्या, पण बाबांनी दोरे काढून रंगाप्रमाणे रिळांना गुंडाळले होते. ती एक तुकडा उचलायची, नाकाशी धरायची, ठेवायची. पण साबणाने सगळ्यांना एकच वास आला होता. एकदा मी दारातून म्हणाले, "आई, कुणाला काय कळणार आहे?"

"कुणाला कळणार आहे," ती म्हणाली. तेच शब्द, नुसते माझ्याकडे परत केल्यासारखे.

आणि खरंच कुणाला कळलं नाही. लोक आले, ससे-अस्वलं घेऊन गेले. अस्वलवाल्या बाई तर म्हणाल्या, आधीपेक्षा सुंदर झालंय. बावीस माणसं खूश होऊन गेली. एकेका माणसागणिक आई थोडी थोडी खाली बसत गेली. तिला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल. बावीस जणांत एकजण तरी म्हणेल की हा माझा नाही.

मग दातांचे डॉक्टर आले.

त्यांच्यासाठी तिने आठवडाभर बटणं लावून बघितली होती. एकसष्ट तपकिरी बटणं टेबलावर मांडायची, दोन उचलायची, गाढवाच्या तोंडावर धरायची, लांबून बघायची. बाबा मागे उभे राहून मदत करायचे: "हे दोन्ही उजवे आहेत." शेवटी तिने दोन निवडून शिवली.

"या डॉक्टर," ती म्हणाली. कवळीचं काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी गाढव हातात घेतलं. पोट दाबलं, शेपटी ओढून बघितली. "वा. पोट एकदम मजबूत. टाका कुठे आहे कळतसुद्धा नाही. मला असा घालता आला तर…" मग त्यांनी ते तोंडासमोर धरलं, आणि वाक्य तिथेच राहिलं.

ते बराच वेळ बघत होते. डावीकडून, उजवीकडून. मग खिडकीशी गेले.

"नीट झालंय," ते म्हणाले. "डॉक्टर, नीटच झालंय हो. काही दोष नाही."

"बोला तुम्ही."

"नाही, काही नाही. फक्त… मी याच्याकडे बघतोय. हे माझ्याकडे बघत नाहीये."

बाबा म्हणाले, "डोळे तपकिरीच आहेत, डॉक्टर. मी जातीने तपासलेत."

"हो, हो. तपकिरीच आहेत." डॉक्टर ओशाळले. एवढा मोठा माणूस ओशाळला की खोली लहान होते. "माझाच खुळेपणा. वय झालं. चला." बॅगेत चिमटे नीट लावले, आभार मानले, जिना उतरले. गाढव खुर्चीवर होतं. विसरले असतील म्हणून मी खिडकीतून हाक मारली, "डॉक्टर, राहिलं." त्यांनी वर न बघता हात हलवला आणि रस्ता ओलांडला.

आईने सुई टोपणात घातली, टोपण डबीत, डबी अकरा नंबरच्या खणात. खण सरळ ढकलला, बाबांना आवडतो तसा. मागणीपत्रांच्या पुस्तकात पहिल्यांदाच नीट नोंद केली: 'सुई एक, परत.' मग बाहेर येऊन तिने जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा ओल्या फडक्याने पुसून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथे बाबांचं ताट होतं.

त्यानंतर जे आले त्यांना ती दारातूनच सांगायची, "आता होत नाही हो, डोळे गेले." लोकांना वाटायचं, वय. तिला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं.

माझा फोटो निवडला गेला. प्रवेशद्वारावर आहे, दोन माणसांएवढा. मी वरच्या मजल्यावर बसते. लोक फोटोकडे बोट दाखवून म्हणतात, आम्हाला हे असं हवंय, आणि मी त्यांना पंचवीस खण लिहून देते. एका बाईने विचारलं, "इथे बसून काम करणाऱ्याचं मन किती शांत असेल नाही?" मी म्हणाले, "फार. अगदी आवाजच येत नाही."

बाबा आता ड्रॉवर उघडत नाहीत. एकदा मी दादाच्या त्या खोलीत डोकावले तर ते जमिनीवर बसले होते. धुतलेले तेवीस अभ्रे समोर पसरलेले, आणि ते रिकाम्या अभ्र्यांना गाठी मारत होते. एक मारायची, बघायची, सोडायची. "तिची डावीकडून सुरू व्हायची का गं?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी तेवीसही गाठोडी एकेका खणात ठेवली. आई आत गेली, बघितली, आणि एकेक सोडून अभ्रे घडी करून कपड्यांच्या कपाटात ठेवून आली. रागाने नाही. चुरगळतील म्हणून.

जेवताना बाबा म्हणाले, मीठ बरोबर आहे. आई म्हणाली, हो.

गाठी कुणी सोडायला सांगितल्या, हे तिने कधी विचारलं नाही. बाबांनी कधी सांगितलं नाही. मी रोज सांगायचं ठरवते आणि मग कामावर जायला उशीर होतो.

काल मी सायकलवरचा टॉवेल काढायला त्या खोलीत गेले. ती सायकल आता कपाटासमोर आहे. टेबलावर मागणीपत्राचं एक पान होतं, गाढवाच्या पायाखाली दाबून ठेवलेलं. बाबांचं अक्षर. एकतीस वर्षं ज्यांनी फक्त दिलं, त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. ते रोज सकाळी हे पान आईच्या कपाखाली सरकवतात, असं त्याच्यावरच्या चहाच्या गोलांवरून दिसत होतं. बरेच गोल होते, एकमेकांत अडकलेले. मंजुरीच्या सहीची जागा कोरी होती. मी ते दोनदा वाचलं. मजकुराच्या पहिल्याच वाक्यात माझ्या नावाला जागा होती, आणि माझ्या खिशात पेन होतं. मी पान होतं तसं गाढवाखाली ठेवलं.

'प्रति,
विभागप्रमुख, खेळणी दुरुस्ती,
जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडील कोपरा.

महोदया,

उपरोक्त विभागाची गाठोडी, नग तेवीस, सांभाळण्यासाठी दिली असता ती खाली सही करणाऱ्याने, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने, सोडली. त्यात अन्य कोणाचाही हात नाही. माल मोजला असता भरतो. तथापि तो मूळ माल नाही, असे निदर्शनास आले आहे. तरी सदर तेवीस गाठोडी, प्रत्येकी मूळ डोळे, मूळ कान, मूळ कापूस व मूळ गाठ यांसह, दिनांक आपण बहिणीकडे गेलात त्या दिवसाच्या सकाळच्या स्थितीत, या भांडारास परत मिळावीत, ही नम्र विनंती.'